शोधाचे कंत्राट आणि राज्याचे कर्तव्य

८ मार्च २०१४ रोजी क्वालालंपूरहून बीजिंगकडे निघालेले मलेशिया एअरलाइन्सचे एमएच ३७० हे विमान २३९ माणसांसह नाहीसे झाले. प्रवाशांत पाच भारतीय होते आणि त्यांतील काही मराठी कुटुंबांतील होते. हिंदी महासागराच्या पश्चिम काठावर त्या विमानाचे काही तुकडे वाहून आले, परंतु विमान सापडले नाही. मार्च २०२५ मध्ये मलेशियाच्या सरकारने 'ओशन इन्फिनिटी' या खाजगी कंपनीशी शोधाचा नवा करार केला. पंधरा हजार चौरस किलोमीटर समुद्रतळ धुंडाळायचा. विमान सापडले तर सात कोटी डॉलर, म्हणजे सुमारे ६०० कोटी रुपये द्यायचे. न सापडले तर एक छदामही द्यायचा नाही. हवामानामुळे हे काम थांबले आणि ३० डिसेंबर २०२५ पासून ते पुन्हा हाती घेण्याची घोषणा झाली.

'सापडले तरच पैसे' हे सूत्र ऐकायला मोठे सोयीचे आहे. सरकारी तिजोरीला तोशीस नाही आणि अपयशाचा भार कंत्राटदाराच्या शिरावर. आपल्या देशातही अशा सूत्रांचे कौतुक करणारा एक सुशिक्षित वर्ग आहे. सरकारने यंत्रे बाळगू नयेत, माणसे नेमू नयेत, गरज पडेल तेव्हा बाजारातून सेवा विकत घ्यावी, असे तो वर्ग सांगत असतो. म्हणून या करारातील अर्थकारण समाजवादी कार्यकर्त्याने नीट समजून घेणे अगत्याचे आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, शोधाचे साधन भाड्याने घेता येते, शोधाचे कर्तव्य भाड्याने देता येत नाही. पहिली गोष्ट व्यवहाराची आहे. दुसरी घडू लागली की राज्यसंस्था आपल्या नागरिकांविषयीच्या जबाबदारीतून अंग काढून घेत आहे, असे समजावे.

याच विमानाच्या शोधात कंत्राटाच्या दोन पद्धती वापरल्या गेल्या. पहिल्या शोधाचे नेतृत्व ऑस्ट्रेलियाच्या सरकारी वाहतूक सुरक्षा संस्थेकडे होते. समुद्रतळ तपासण्याचे बरेचसे काम तिने 'फुग्रो' या डच कंपनीच्या बोटींकडून मोबदला देऊन करून घेतले. कुठे शोधायचे हे सरकारी शास्त्रज्ञ ठरवीत, बोट आणि यंत्रे कंपनीची असत. मलेशिया, ऑस्ट्रेलिया आणि चीन या तीन देशांनी मिळून सुमारे वीस कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर खर्च केले आणि एक लाख वीस हजार चौरस किलोमीटर समुद्रतळ तपासला. आपला वाशिम जिल्हा पाच हजार चौरस किलोमीटरांहून थोडा मोठा आहे. असे तेवीस जिल्हे, तेही चार-चार किलोमीटर खोल पाण्याखाली, असा हा हिशेब आहे. या पद्धतीचा दोष उघड आहे. कंत्राटदाराला कामाचे पैसे मिळतात, काही सापडो वा न सापडो.

दुसरी पद्धत २०१८ मधील. त्या वर्षी ओशन इन्फिनिटीने 'सापडले तरच पैसे' या अटीवर काम घेतले. मोबदल्याचे टप्पे असे होते की, पहिल्या पाच हजार चौरस किलोमीटरांत विमान सापडले तर दोन कोटी डॉलर, आणि पंचवीस हजारांच्या पलीकडे सापडले तर सात कोटी. अधिक क्षेत्र तपासायचे म्हणजे खर्च अधिक, म्हणून मोबदलाही अधिक, हे वरवर न्याय्य दिसते. परंतु कोणता तुकडा आधी तपासायचा आणि कोणता मागे ठेवायचा याचे ज्ञान ज्याच्यापाशी सर्वाधिक, त्यालाच उशिरा सापडण्याचे इनाम मोठे, ही मांडणी अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला खटकल्यावाचून राहणार नाही. कंपनीने लबाडी केली असे सुचविण्याचा आमचा हेतू मुळीच नाही. तिने एक लाख बारा हजार चौरस किलोमीटरांहून अधिक तळ तपासला आणि हाती काही न लागल्याने तिला काही मिळालेही नाही. मुद्दा कंपनीच्या सचोटीचा नसून कराराच्या रचनेचा आहे. पहिली पद्धत शोधत राहण्याचे पैसे देते, दुसरी सापडण्याचे. नागरिकाला हवे असते ते निराळेच. शोध प्रामाणिकपणे झाला, योग्य जागी झाला आणि पुरेसा झाला याची हमी त्याला हवी असते. ही हमी कोणत्याही दरपत्रकात बसत नाही. ती उत्तरदायी सार्वजनिक संस्थाच देऊ शकते.

येथे प्रतिपक्षाचा युक्तिवाद आम्ही टाळू इच्छित नाही, कारण त्यात तथ्य आहे. सरकारांनीच हा शोध १७ जानेवारी २०१७ रोजी थांबविला. त्यापूर्वी जेमतेम महिनाभर आधी त्यांच्याच तज्ज्ञांनी सांगितले होते की, तपासलेल्या पट्ट्याच्या उत्तरेस पंचवीस हजार चौरस किलोमीटरांचे क्षेत्र अधिक संभाव्य दिसते. तिन्ही सरकारांनी तो सल्ला बाजूस सारला आणि नेमक्या जागेचा पुरावा मिळाल्याशिवाय पुढे जाणार नाही, अशी भूमिका घेतली. पुढील वर्षी ते क्षेत्र तपासायला गेली ती खाजगी कंपनीच. तेव्हा सरकार म्हणजे सद्गुण आणि कंपनी म्हणजे दुर्गुण अशी भाबडी विभागणी करून चालणार नाही. मात्र या घटनेचा खरा अर्थ काय? बाजार श्रेष्ठ ठरला असा तो नव्हे. तीन सरकारांनी एकाच वेळी हात झटकले आणि ती जागा बाजाराने भरली, असा तो आहे. सरकारच्या कर्तव्यच्युतीवरचा उपाय म्हणून कर्तव्यच सरकारकडून काढून घेणे, हा तर्क रेशन दुकानात धान्य नसते म्हणून रेशन दुकानच बंद करण्यासारखा आहे.

मुळात बुडालेले विमान शोधायचे कशासाठी? आप्तांना सत्य कळावे हे पहिले आणि सर्वांत मोठे कारण. त्याबरोबरच दुसरेही एक कारण आहे. एअर फ्रान्सचे रिओहून पॅरिसला निघालेले विमान १ जून २००९ रोजी अटलांटिक महासागरात कोसळले आणि २२८ माणसे मरण पावली. फ्रान्सच्या सरकारी तपास संस्थेने शोधाची एकामागून एक आवर्तने केली. पैसा एअरबस आणि एअर फ्रान्स या कंपन्यांकडून घेतला, यंत्रे अमेरिकेतील वुड्स होल या ना-नफा संशोधन संस्थेची वापरली, आणि एप्रिल २०११ मध्ये सुमारे ३,९०० मीटर खोलीवर विमानाचे अवशेष सापडले. नोंदयंत्रे वर आल्यावरच कळले की, वेगमापक नळ्यांत बर्फ साचल्याने वैमानिकांचा गोंधळ उडाला होता. त्या ज्ञानाच्या आधारे जगभर वैमानिकांचे प्रशिक्षण सुधारले गेले. आज विमानात बसणाऱ्या प्रत्येकाला त्याचा लाभ मिळतो आणि त्यासाठी कोणी वेगळे पैसे मोजत नाही. ज्या वस्तूचा लाभ सर्वांना होतो आणि कोणालाही त्यापासून वगळता येत नाही, तिचा पुरवठा बाजार नेहमीच अपुरा करतो, हा अर्थशास्त्राचा पहिल्या वर्षाचा धडा आहे.

खर्च कोणी करायचा हा वाद शोधाला किती घातक ठरतो, याचे उदाहरण इंडोनेशियात घडले. १ जानेवारी २००७ रोजी १०२ माणसांसह 'अ‍ॅडम एअर'चे विमान समुद्रात पडले. नोंदयंत्रांची जागा त्याच महिन्यात कळली होती. परंतु सुमारे दोन हजार मीटर खोलीतून ती काढण्याचे पैसे सरकारने द्यायचे की विमान कंपनीने, या घोळात महिने गेले आणि ती वर आली ऑगस्टमध्ये. नोंदयंत्राला जोडलेला संकेत पाठविणारा दिवा-घंटेसारखा उपकरणाचा भाग तेव्हा तीस दिवसच चालत असे. पुढे ही मुदत नव्वद दिवसांवर नेण्यात आली. समुद्र आणि विद्युतघट हे दोघेही निविदा निघण्याची वाट पाहत नाहीत.

आता आपल्या देशाकडे वळू. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचे 'कनिष्क' हे विमान आयर्लंडच्या नैर्ऋत्येस स्फोटाने फुटून समुद्रात पडले आणि ३२९ जण मरण पावले. समुद्र तेथे सुमारे दोन किलोमीटर खोल. आपल्याजवळ त्या खोलीवर पोहोचणारे यंत्र नव्हते. फ्रान्सची केबल टाकणारी बोट आणि तिच्यावरचा यांत्रिक पाणबुडा यांच्या साहाय्याने तीन आठवड्यांच्या आत दोन्ही नोंदयंत्रे वर काढली गेली. ती उघडली मुंबईत, भाभा अणुसंशोधन केंद्रात. आणि पुराव्याची छाननी झाली न्यायमूर्ती किरपाल यांच्या चौकशीत. साधन परक्याचे होते, पण तपासाची सूत्रे सार्वजनिक हाती होती. साधन आणि कर्तव्य यांतील जो भेद आम्ही वर मांडला, तो येथे प्रत्यक्ष दिसतो. जून २०२५ मधील अहमदाबादच्या अपघातातील नोंदयंत्रेही दिल्लीतील सरकारी प्रयोगशाळेतच वाचली गेली, हे या संदर्भात नोंदवण्याजोगे आहे.

तीस वर्षांनंतर, ८ जून २०१५ रोजी, तटरक्षक दलाचे डॉर्नियर विमान तिघांसह तामिळनाडूच्या किनाऱ्यालगत नाहीसे झाले. त्याचे संकेत टिपले नौदलाच्या 'सिंधुध्वज' पाणबुडीने. नोंदयंत्र जवळजवळ एक हजार मीटर खोलीतून वर काढले ते रिलायन्स कंपनीच्या वायुक्षेत्रातील सेवेत असलेल्या 'ऑलिंपिक कॅनियन' या बोटीने. त्या बोटीवरील तंत्रज्ञांचे कौशल्य मान्य करण्यात आम्हांस कमीपणा वाटत नाही. पण प्रश्न पडतो तो असा की, साडेसात हजार किलोमीटरांच्या किनाऱ्याच्या देशाजवळ हजार मीटर खाली जाण्याची सिद्धता त्या वेळी का नसावी? वायू काढण्यासाठी जी खोली गाठता येते, ती माणूस शोधण्यासाठी सरकारला का गाठता येऊ नये?

याचे उत्तर पुढल्याच वर्षी अधिक कठोरपणे समोर आले. २२ जुलै २०१६ रोजी हवाई दलाचे एएन-३२ विमान चेन्नईजवळच्या तांबरमहून पोर्ट ब्लेअरकडे निघाले आणि बंगालच्या उपसागरावर नाहीसे झाले. त्यात २९ माणसे होती, पैकी आठ जण नौदलाच्या शस्त्रागारातील नागरी कर्मचारी होते. नौदल, तटरक्षक दल, हवाई दल यांनी शोध घेतला; 'सागर निधी' आणि 'समुद्र रत्नाकर' या सरकारी संशोधन-बोटीही उतरल्या. हाती काही लागले नाही. या विमानासाठी जगातील कोणतीही कंपनी 'सापडले तरच पैसे' म्हणत पुढे आली नाही. येणार तरी कशी? एमएच ३७० हे जगातले सर्वांत गाजलेले कोडे आहे; ते सोडविणाऱ्या कंपनीला मोबदल्याहून मोठी कीर्ती मिळणार आहे. शस्त्रागारातल्या आठ कर्मचाऱ्यांच्या शोधात कीर्ती नाही आणि नफाही नाही.

ते विमान सापडले साडेसात वर्षांनी. चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने नव्याने आणलेल्या स्वयंचलित पाणयानाने किनाऱ्यापासून सुमारे ३१० किलोमीटरांवर, ३,४०० मीटर खोलीवर टिपलेल्या छायाचित्रांत त्याचे अवशेष दिसले, असे संरक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये जाहीर केले. शोधले ते सार्वजनिक संस्थेने, हे खरे. परंतु ते यान देशात आले ते मुळात सागरतळाचे धन शोधण्यासाठी. २०२१ मध्ये मंजूर झालेल्या ४,०७७ कोटी रुपयांच्या खोल समुद्र मोहिमेत खनिजांना अग्रस्थान आहे. खनिजाच्या ओढीने यंत्र आले आणि त्याने हरवलेली माणसे दाखवली! तीच सिद्धता २०१६ मध्ये असती, तर २९ कुटुंबांची सात वर्षांची घालमेल टळली असती.

या घालमेलीला कायद्याची बाजूही आहे. एखादी व्यक्ती सात वर्षे जिवंत असल्याचे ऐकिवात नसेल, तर तिच्या मृत्यूचे अनुमान करता येते, अशी तरतूद जुन्या पुराव्याच्या कायद्यात होती आणि ती नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. उलट आंतरराष्ट्रीय विमान प्रवासाला लागू असलेल्या १९९९ च्या माँट्रियल करारानुसार भरपाईचा दावा दोन वर्षांच्या आत लावावा लागतो. विमान शोधायला दहा वर्षे लागली तरी हरकत नाही. दाद मात्र दोन वर्षांत मागितली पाहिजे! अपघात कशाने झाला हेच ठाऊक नसताना विधवेने न्यायालयात काय मांडावे? शोध लांबला की लाभ होतो तो दावा टाळू पाहणाऱ्याचा.

धनजहून समुद्र शेकडो कोस दूर आहे. कपाशी आणि सोयाबीनच्या या मुलखातील कार्यकर्ता विचारील की, खोल समुद्रातल्या शोधाशी आपले काय नाते? नाते आहे, आणि ते जवळचे आहे. अतिवृष्टीने पीक बुडाले की शेतकऱ्याने बहात्तर तासांत कळवायचे आणि मग नुकसानीची पाहणी करायला विमा कंपनीचा प्रतिनिधी येणार, ही व्यवस्था त्याने अनुभवली आहे. तेथे नुकसान कमी सापडण्यात कंपनीचा लाभ आहे. समुद्रातील करारात सापडण्यातच लाभ आहे, म्हणून तो करार पीकविम्याहून बरा, हेही आम्ही मान्य करू. परंतु दोन्हीकडे मूळ प्रश्न एकच: नागरिकाचे काय गेले हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा? कारंजावरून जाणारी आपली 'शकुंतला' रेल्वे आठवावी. स्वातंत्र्यानंतरही तिचा मार्ग खाजगी कंपनीच्या मालकीचा राहिला, रेल्वे खाते गाडी चालवीत राहिले आणि कंपनीला मोबदला मिळत राहिला. मार्ग दुरुस्त कोणी करायचा हे दोघांनीही एकमेकांवर ढकलले. गाडी थांबली तेव्हा जबाबदार कोण, हे सांगायला कोणी नव्हते. कर्तव्य आणि मालकी यांची फारकत झाली की असे होते.

महाराष्ट्राच्या सागरात तर हा प्रश्न कामगारांच्या जिवाचा आहे. जुहूहून बॉम्बे हायच्या तेलक्षेत्राकडे रोज हेलिकॉप्टर जातात. १३ जानेवारी २०१८ रोजी पवनहंसचे हेलिकॉप्टर पडून तेल आयोगाच्या पाच अधिकाऱ्यांसह सात जण दगावले. जून २०२२ मध्ये दुसरे समुद्रात उतरले आणि चौघे गेले. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात पी-३०५ या बार्जवर २६१ माणसे होती, बहुतेक कंत्राटी कामगार. बार्ज बुडाली तेव्हा त्यांतील १८६ जणांना वाचविले नौदलाने, आणि तळाशी गेलेली बार्ज शोधली तीही नौदलाच्या 'मकर' या सर्वेक्षण नौकेने. कामगार कंत्राटाने नेले, पण त्यांना शोधायला सार्वजनिक दलच धावले. नफा खाजगी आणि शोध सरकारी, ही वाटणी असूनही याच काळात केंद्र सरकारने पवनहंसमधील आपला ५१ टक्के हिस्सा २११ कोटी रुपयांना विकण्याचे ठरविले. २०२३ मध्ये तो व्यवहार रद्द करावा लागला, ही गोष्ट वेगळी.

केवळ टीका करून थांबणे समाजवाद्याला शोभत नाही. म्हणून आम्ही काही निश्चित मागण्या मांडतो. पहिली, समुद्र तंत्रज्ञान संस्था आणि तटरक्षक दल यांच्या सहयोगाने खोल समुद्रातील शोधासाठी बारमाही पथक उभारावे. विमान शोधायचे नसेल तेव्हा त्याने सागरतळाचे नकाशे करावेत आणि वादळात हरवलेल्या मच्छीमारांच्या नौका शोधाव्यात. २०१७ च्या ओखी वादळात शेकडो दर्यावर्दी बेपत्ता झाले. त्यांच्यासाठी कोणी इनामाचा करार केला नव्हता. दुसरी, खर्चाचा निधी अपघातापूर्वीच उभा असावा. प्रत्येक विमान तिकिटावर सुरक्षेच्या नावाने शुल्क घेतले जाते. त्यातला काही भाग आणि विमान कंपन्या, विमान बनविणारे कारखाने व विमा कंपन्या यांचे अंशदान यातून तो उभा करता येईल. तिसरी, खाजगी बोट वा यंत्र घेणे अपरिहार्य झाले, तर शोधाचे क्षेत्र ठरविणे, शोध थांबविणे आणि पुरावा हाताळणे हे तीन अधिकार सार्वजनिक तपास संस्थेकडेच राहावेत. मोबदला तपासलेल्या क्षेत्राच्या प्रमाणित मोजणीवर द्यावा, आणि यशाबद्दल काही इनाम द्यायचे तर त्यावर वेगळे द्यावे. चौथी, करार संसदेपुढे ठेवावा आणि मिळालेली माहिती खुली करावी. ऑस्ट्रेलियाच्या सरकारी भूविज्ञान संस्थेने पहिल्या शोधात केलेले सागरतळाचे नकाशे २०१७ मध्ये जगाला खुले केले. आपल्याला ते अशक्य नाही. पाचवी, आप्तांच्या प्रतिनिधींना शोधाची प्रगती कळण्याचा हक्क असावा. आणि अवशेष सापडून कारण कळेपर्यंत दाव्याची मुदत गोठविली जावी, यासाठी भारताने आंतरराष्ट्रीय व्यासपीठावर आग्रह धरावा.

हे सारे खर्चिक आहे, असे सांगितले जाईल. आहेच. अग्निशमन दलही खर्चिकच असते. वर्षातले बरेच दिवस त्याचा बंब उभाच असतो. आग लागल्यावर बंबासाठी निविदा काढावी, असे अद्याप तरी कोणी सुचविलेले नाही. माणूस हरवला असता त्याला शोधायला निघणे ही गावाचीही रीत आहे. विहिरीत कोणी पडले तर गाव आधी दोर टाकते आणि दोराची किंमत मागाहून विचारते. राज्यसंस्थेने गावाहून कमी माणुसकी दाखवू नये, एवढीच आमची अपेक्षा आहे.

ओशन इन्फिनिटीच्या शोधाला यश येवो, अशी आमचीही इच्छा आहे. २३९ कुटुंबांना सत्य कळणे हे कोणत्याही तात्त्विक वादाहून मोठे आहे. परंतु त्या यशाचा दाखला देऊन उद्या आपल्या येथे कोणी 'सरकारने यंत्रे बाळगू नयेत' असे म्हणू लागला, तर त्याला एएन-३२ मधील त्या आठ कर्मचाऱ्यांची आठवण करून द्यावी. त्यांच्यासाठी बाजार आला नव्हता. पुढच्या वेळीही तो येणार नाही. तेव्हा आपली सार्वजनिक सिद्धता आजच उभी करावी लागेल, आणि ती मागणी अर्थसंकल्पाच्या चर्चेत, संसदेत आणि सभांतून लावून धरणे हे आपल्या कार्यकर्त्यांचे काम आहे.